पेगेरोचं कोपर

१

गुरुवारी दुपारी प्रेस्कॉट लँगने आपलं जेवण भिंतीवर फेकून मारलं. मी दारात पोचले तेव्हा तळलेला पर्च मासा जमिनीवर पडला होता आणि कोबीची कोशिंबीर संघाच्या फोटोवरून ओघळत होती.

"चोरी झालीय, लोरेन," तो म्हणाला. "माझा पिचर चोरला."

"कोणता?"

"पेगेरो. टक्सनवाल्यांनी उचलला."

मी लोरेन हुदाक. उभा जन्म शहर पोलिसांत चोर पकडण्यात गेला, आता म्हातारपणी फेरीमेन या आमच्या बेसबॉल क्लबच्या मैदानाची सुरक्षा बघते. पगार मात्र मला क्लब देत नाही, लीग देते. लँग इथला जनरल मॅनेजर. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं हे तो ठरवतो. तो मला क्लबची चौकीदारीण समजतो. पहिल्याच भेटीत त्याने मला कॉफी आणायला सांगितली होती. मी आणली, आणि साखरेऐवजी मीठ घालून आणली. तेव्हापासून आमचं गोत्र जुळलेलं नाही.

आता पेगेरोचं प्रकरण काय ते सांगते. एलियुड पेगेरो हा डॉमिनिकन पोरगा, आमचा पिचर, म्हणजे गोलंदाज. चेंडू बंदुकीतून सुटल्यासारखा टाकतो, पण यंदा त्याला नेम सापडत नव्हता. लँगच्या मनात त्याला खालच्या संघात पाठवून घासूनपुसून परत आणायचं होतं. पण खेळाडूला असं मुकाट खाली पाठवायच्या संधी क्लबला मोजक्याच मिळतात आणि पेगेरोच्या त्या संपल्या होत्या. मग वाट एकच उरते. चाळीस जणांच्या यादीतून त्याचं नाव काढून त्याला बाजूला बसवायचं आणि आठवड्याच्या आत बाकीच्या सगळ्या क्लबांना विचारायचं, बाबांनो, आम्हाला हा नकोय, तुम्हाला हवाय का? याला वेव्हर म्हणतात. कोणीच हात वर केला नाही तर पोरगा आपलाच, खुशाल खाली पाठवा. कोणी केला तर गेला, किरकोळ रक्कम घ्या आणि गप्प बसा. शिवाय विचारायचा क्रम उलटा असतो. पंगतीत शेवटी बसलेल्याला आधी वाढायचं. टक्सन यंदा तळाला, म्हणून पहिला घास त्यांचा.

"मग यात चोरी कसली?" मी म्हटलं. "तू विचारलंस, त्यांनी हो म्हटलं."

"त्याला कोणी घेणार नव्हतं."

"का बरं?"

लँग खिडकीबाहेर बघायला लागला. "त्याच्या कोपराबद्दल बोललं जात होतं."

"काय बोललं जात होतं? कोण बोलत होतं?"

"ते तुला काय करायचंय? इथल्याच कोणीतरी टक्सनला आतली गोष्ट सांगितलीय. मला नाव हवंय, लोरेन. त्या माणसाला मी या खेळात परत उभं राहू देणार नाही. गेटवर शेंगदाणेसुद्धा विकू देणार नाही."

आतली गोष्ट कोणती, हे मात्र त्याने सांगितलं नाही. मी पोलिसांत असताना एक शिकले. चोरीला काय गेलं हे जो सांगत नाही, त्याचं मूळ घबाडच चोरीचं असतं.

२

डग फेल्समन आमचा फिजिओ. दोन मिनिटांत घाम फुटणारा माणूस. मी त्याच्या खोलीत शिरले तेव्हा तो पट्ट्यांच्या गुंडाळ्या लावत होता, आणि मला बघून त्याने त्या लावलेल्या गुंडाळ्या परत मोडून लावायला घेतल्या.

"पेगेरोच्या कोपराला काय झालं होतं, डग?"

"कागदावर तो निरोगी आहे."

"मी कागदाचं विचारलं नाही."

तो खुर्चीत बसला. "कागदावर निरोगी असायलाच लागतो, लोरेन. जखमी खेळाडूला वेव्हरवर टाकता येत नाही, नियमच आहे तसा. मोडका माणूस रस्त्यावर टाकू नये म्हणून केलाय."

"पण कोपर गेल्याची बातमी तर गावभर होती."

"कागदावर नव्हती ना," तो म्हणाला. "कानात होती."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आठवडाभर लँगने त्याला सांगून पेगेरोच्या कोपराला रोज बर्फ बांधून घेतला होता, कॅमेऱ्यांना दिसेल असा. दोन पत्रकारांच्या कानात कुजबूज सोडली होती. इतर क्लबांच्या लोकांना फोन करून उसासे टाकले होते, की पोरगा गुणी होता हो, पण कोपर, काय करणार. कागद स्वच्छ ठेवायचा म्हणजे वेव्हरवर टाकता येतं, आणि कान घाण करायचे म्हणजे कोणी घेत नाही. मला तर या अकलेचं कौतुकच वाटलं, आणि लगेच शिसारीही आली.

"कोपराला खरं काय झालं होतं?"

"काहीही नाही. घोड्यासारखा आहे तो." फेल्समनने डोळे पुसले. "मी कोणाला सांगितलं नाही. मला दोन मुली आहेत, लोरेन. सांगायचं धाडस असतं तर आधी बर्फच बांधला नसता."

त्याच्यावर मी विश्वास ठेवला. भित्रा माणूस खोटं बोलतो, पण असं अंगावर घेऊन बोलत नाही.

"ही गोष्ट अजून कोणाला माहीत होती?"

"पोराला असणार, हात त्याचाच. आणि बुलपेनच्या कोचला, हार्मनला. पेगेरो बुलपेनमध्ये, राखीव पिचरांच्या कुंपणात बसायचा, त्याला तिथे चेंडू टाकू देऊ नकोस असा लँगचा हुकूम होता. पण लँगने आमच्या तिघांचेही फोन तपासलेत. टक्सनला एक फोन गेलेला नाही, एक निरोप नाही."

३

पेगेरो कपडे बदलायच्या खोलीत आपलं सामान आवरत होता. त्याच्या कपाटावरची नावाची पट्टी आधीच काढून टाकली होती. आमच्याकडे माणूस जायच्या आधी त्याची पट्टी जाते.

"माझी आई आमच्या बानी गावाहून रोज फोन करते," तो म्हणाला. "विचारते, एलियुड, हात मोडला का रे? सगळ्या गल्लीला माहीत आहे, फक्त मला माहीत नाही. सेन्योरा, तुम्हीच सांगा, माझ्या हाताला काय झालंय?"

"काही झालेलं नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे, मग पिशवीत बूट इतक्या जोरात कोंबले की शिवण उसवली. "मला वाटलं हे लोक माझ्यापासून लपवतायत. मी रात्री कोपर दाबून बघायचो. दुखत नाही म्हणून जास्त भीती वाटायची."

"तू टक्सनच्या कोणाशी बोललास?"

"टक्सन कुठे आहे हेसुद्धा मला काल नकाशात बघावं लागलं."

"बुलपेनमध्ये चेंडू टाकलास?"

"आईची शपथ, या आठवड्यात मी पिचिंगच्या उंचवट्यावर पाऊल ठेवलं नाही."

हे बोलताना त्याची नजर समोरच्या कपाटाकडे गेली. तिथे आमचा डावीकडचा फील्डर टाय बॅसेट बसला होता, डावा पंजा बर्फाच्या बादलीत बुडवून.

"तुला काय झालं, टाय?"

"काही नाही मॅडम. झेल घेताना लागलं." त्याने पंजा बाहेर काढला. तळवा जांभळा पडला होता. त्याच्या ग्लव्हमध्ये भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा कोंबलेला मला दिसला.

"आठवडाभरात तुझ्याकडे एकच झेल आला," मी म्हटलं, "आणि तोही तू सोडलास."

पेगेरो हसला. बॅसेट हसला नाही. त्याने पंजा परत बादलीत घातला.

मी निघाले तेव्हा दोघं एकमेकांकडे बघत होते.

४

हार्मन टीग मैदानाच्या मध्यभागी उभा राहून फलंदाजांना सरावाचे चेंडू टाकत होता. वय अठ्ठावन्न, आर्कान्सासचा, केस पांढरे, आणि हात असा फिरतो की वाटावं चाकाला तेल घातलंय. रोज तासभर टाकतो. पोरं थकतात, हा थकत नाही.

"हार्मन, तुझा खांदा काय खातो?"

"खांदा? तो तर कधीच गेला," तो म्हणाला आणि आणखी एक चेंडू टाकला. "कोणालाही विचार. बेसबॉलमधल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे माझा खांदा गेलाय ते."

पोरं खिदळली. हा त्याचा जुना विनोद होता, मी शंभरदा ऐकलेला. पण त्या दिवशी त्याच्या तोंडाकडे बघितलं तेव्हा तिथे हसू नव्हतं.

"पेगेरोबद्दल कोणाला काही बोललास?"

"मी? मी कोणाशीच बोलत नाही. बायको त्याच कारणाने सोडून गेली." त्याने टोपी मागे सारली. "लँग कसा आहे? भिंत पुसली का?"

"पुसतायत. तो म्हणतो, ज्याने केलं त्याच्यावर आजन्म बंदी आणणार."

"क्लबला आजन्म बंदी घालता येत नाही. ती फक्त लीग घालते."

"म्हणून तो लीगच्या पेल साहेबांना फोनवर बसवणार आहे. सगळ्यांसमोर चौकशी करायची म्हणतो."

हार्मनने हातातला चेंडू बोटांत फिरवला. "बसवणारच," तो म्हणाला. "त्याला राहवणार नाही."

ते मला खटकलं. ज्याच्यावर संशय आहे तो माणूस फासाच्या दोराचं माप विचारतोय, आणि तेही इतक्या समाधानाने.

५

शनिवारी दुपारचा सामना होता. त्याआधी मी आठवड्याचं सगळं चित्रण बघून काढलं होतं. लँगनेही बघितलं होतं, दोनदा. प्रत्येक चेंडू, प्रत्येक फटका. पेगेरो बुलपेनच्या बाकावर कोपराला बर्फ बांधून बसलेला दिसायचा, आणि बाकी काही नाही.

डोकं दुखायला लागलं म्हणून मी सॉसेज घ्यायला गेले. डाव नुकताच संपला होता, त्यामुळे रांग लांब. डाव संपला की अख्खं स्टेडियम उठतं. जे उठत नाहीत ते मोठ्या पडद्याकडे तोंड करतात, कारण तिथे माशांचे वेष घातलेले तिघे जण शर्यत लावतात आणि पर्च हरला की लोक चक्क रडकुंडीला येतात. घरी टीव्हीवर तेव्हा जाहिराती असतात. वर काचेच्या खोलीत लँग फोनवर असतो. डाव संपला की खेळ थांबला, असं आम्ही सगळे लहानपणापासून धरून चालतो.

माझ्या पुढे आर्ट विगिन्स उभा होता. टक्सनचा निरीक्षक. पुढच्या आठवड्यात त्यांचा आमच्याशी सामना, म्हणून महाशय आठवडाभर होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या, मागे मुक्काम ठोकून होते. आमचे खेळाडू कसे आहेत ते बघणं हेच त्याचं काम, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

सॉसेजवाली डोलोरेस त्याच्यावर ओरडली. "काय रे आर्ट, परत गर्दीत आलास? गेला आठवडा कसा शहाण्यासारखा खेळ चालू असताना यायचास. तुला बघून मला वाटलं, या म्हाताऱ्याला अक्कल आली."

"आली होती, गेली," विगिन्स म्हणाला. मग त्याला मी दिसले. त्याने सॉसेज घेतलं आणि मोहरी न लावताच चालता झाला.

मी रांगेतून बाहेर पडले. ज्या निरीक्षकाला खेळ बघायचा पगार मिळतो तो खेळ चालू असताना रांगेत उभा राहतो, आणि खेळ थांबला की धावत जागेवर जातो. मग तो तिथे बसून काय बघत होता?

मी कठड्याशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा, माशांची शर्यत चालू असताना, मैदानाकडे बघितलं.

डावीकडच्या कोपऱ्यात बॅसेट उभा होता. बुलपेनमधून एक राखीव कॅचर बाहेर येऊन त्याच्याशी फेकाफेकी करत होता. दर डावाआधी करतात. फील्डरचा हात गार पडू नये म्हणून बुलपेनमधून कोणीही एक जण येतो. कोणी यायचं, ते बुलपेनचा कोच ठरवतो.

मला बॅसेटचा जांभळा तळवा आठवला. मी तिथेच, पर्च जिंकला म्हणून बेभान झालेल्या त्या गर्दीत, मोठ्याने हसले.

६

रविवारी सकाळी लँगच्या खोलीत आम्ही जमलो. फेल्समन, बॅसेट, हार्मन आणि मी. पेगेरो टक्सनला गेला होता. टेबलावर फोन होता आणि त्यात लीगचे ऑगस्ट पेल. पेल कमी बोलतात, आणि त्यांचं कमी बोलणं सगळ्यांना पुरतं. मी लँगला एकट्याला आधी सांगू शकले असते. नियमाने सांगायला हवं होतं का, माहीत नाही. नाही सांगितलं.

"मिस्टर पेल ऐकतायत," लँग म्हणाला. "नाव सांग, लोरेन."

"आधी बॅसेटला एक विचारते. टाय, तुझ्या पंजाची ही गत कोणी केली?"

बॅसेटने हार्मनकडे बघितलं. हार्मनने मान हलवली.

"एलियुडने," बॅसेट म्हणाला. "डावांच्या मध्ये. आठवडाभर तोच यायचा माझ्याशी फेकाफेकी करायला. कुंपणाजवळून टाकायचा, सरळ रेषेत, मैदानाच्या मध्यापर्यंत. मी म्हटलं, अरे हळू, मला जेवायला हात लागतो. स्पंज घातला तरी ठणकायचं."

"म्हणजे पेगेरोने खरंच उंचवट्यावर पाय ठेवला नाही," मी म्हटलं. "कुंपणाजवळ ठेवला. चित्रणात ते नाही, कारण तेव्हा टीव्हीवर जाहिराती असतात. तू बघितलं नाहीस, कारण तेव्हा तू फोनवर असतोस. मी बघितलं नाही, कारण मी रांगेत असते. आर्ट विगिन्सने बघितलं. पहिल्या दिवशी सहज बघितलं असेल, नंतर त्याच्यासाठी त्याने जेवायची वेळ बदलली. कोणी त्याला फोन केला नाही, निरोप दिला नाही. हजारो माणसांसमोर एक पोरगा चेंडू टाकत होता आणि बघणारा एकच होता."

"कोणी पाठवलं त्याला?" फोनमधून पेल म्हणाले.

"मी," हार्मन म्हणाला.

लँग उठून उभा राहिला. त्याच्या कपाळावरची शीर मला दिसत होती.

"मी कोणता नियम मोडला?" हार्मन शांतपणे म्हणाला. "फील्डरबरोबर कोणाला पाठवायचं हे माझं काम. पोराचा हात दुखतोय असं मला कोणी सांगितलं नव्हतं. कागदावर तर तो निरोगी होता."

"सांगितलं नव्हतं?" लँग टेबलावर वाकला. "मी स्वतः तुला बुलपेनमध्ये येऊन सांगितलं होतं, त्याला कोणाच्या नजरेला पडू देऊ नकोस. हात ठणठणीत आहे हे कळलं तर टक्सन आधी उचलेल, हे मी तुला माझ्या तोंडाने—"

तो थांबला. फेल्समनने हातातली टोपी तोंडावर धरली.

"प्रेस्कॉट," फोनमधला आवाज म्हणाला, "हात ठणठणीत होता, तर मागच्या आठवड्यात इतर क्लबांना फोन करून कोपर गेल्याचं कोण सांगत होतं? त्यातल्या चौघांनी मला विचारलंय."

लँग खाली बसला. दगा झाला हे सिद्ध करायला आधी स्वतःचं खोटं कबूल करावं लागतं, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. हार्मनच्या लक्षात ते फार आधी आलं होतं. पेगेरोला टक्सनने उचललं ही त्याची अर्धीच चाल होती. लँगला गप्प राहवणार नाही, तो सुडाच्या मागे लागेल आणि आपणहून लीगला बोलावेल, ही उरलेली अर्धी.

"तेव्हा माझा खांदा होता," हार्मन म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "स्पोकेनच्या क्लबात. तू सहायक होतास, कोवळा होतास, नवीन सूट घालायचास. मला वेव्हरमधून सुखरूप पार करायचं होतं म्हणून तू सगळीकडे सांगितलंस, टीगचा खांदा गेला. कोणी उचललं नाही. तुम्ही मला खाली पाठवलं आणि मग विसरून गेलात. नंतर मी दारोदार फिरलो. टाकून दाखवतो म्हटलं, तर लोक म्हणायचे, राहू दे बाबा, तुझ्या खांद्याचं ऐकलंय. मी तीस वर्षांचा होतो. अजून टाकतो मी रोज. रोज टाकतो."

"मला आठवत नाही," लँग म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर तू मला नोकरी दिलीस."

७

लीगने लँगवर बंदी घातली, आणि मालकांनी त्याला त्याच संध्याकाळी घरी बसवलं. त्याच्या दारावरची पट्टी माझ्यासमोर निघाली. मला वाईट वाटायला हवं होतं. मी दोन कप कॉफी आणली, एक स्वतःसाठी आणि एक पट्टी काढणाऱ्यासाठी, दोन्हींत साखर घालून.

पेगेरो पुढच्याच आठवड्यात टक्सनकडून आमच्याविरुद्ध उभा राहिला. नेम सापडला होता. बॅसेटला त्याने तीनदा बाद केलं, आणि तिसऱ्यांदा जाताना बॅसेट पंजा चोळत म्हणाला, निदान आज झेलावं लागलं नाही.

हार्मनला मी एकदा विचारलं, "हे त्या पोरासाठी केलंस की स्वतःसाठी?"

"आधी स्वतःसाठी," तो म्हणाला. "मग त्याच्यासाठी. खोटं कशाला बोलू."

"त्याचा हात खरंच दुखावला असता तर? असा आठवडाभर ताकदीने टाकताना?"

त्याने हातातला चेंडू खाली ठेवला. "मग मी आणि लँग एकाच माळेचे मणी," तो म्हणाला.

लँगची बंदी पुढच्या वसंतात उठली. त्याने प्रत्येक क्लबकडे अर्ज केला. कोणी नाही म्हणालं नाही, फक्त फोन परत केला नाही. लँग, ना? ऐकलंय त्याच्याबद्दल.

हार्मन अजून रोज तासभर चेंडू टाकतो. सकाळी मी गेट उघडून मैदानात आले की तो लांबूनच विचारतो.

"उचललं का गं कोणी त्याला?"

"नाही," मी सांगते.

तो मान हलवतो आणि पुढचा चेंडू टाकतो.